चाकांवरचे घर आणि वाटेवरचा शेजारी

वाचावयाचा भाग : लूक १०:२५–३७. त्याबरोबर लूक ९:५१–५६ हाही भाग वाचावा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका प्रकारचे वाहन आहे, त्यास तेथील लोक ‘आर. व्ही.’ असे म्हणतात. पुरते नाव ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, म्हणजे सहलीकरिता केलेली गाडी. परंतु ‘चाकांवरचे घर’ असे म्हटले म्हणजे आमच्या वाचकांस ते लवकर कळेल. कोणी हे घर मोटारीच्या मागे जोडून ओढीत नेतात, तर कोणाचे इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर बसविलेले असते. आत निजावयास बिछाने, रांधावयास शेगडी, पिण्याच्या पाण्याची टाकी, सांडपाण्याची निराळी टाकी, शौचकूप आणि दिव्यांकरिता बॅटरी, असा सगळा संसार असतो. नवरा, बायको, मुले आणि कुत्रा अशी मंडळी त्यात बसून महिना महिना हिंडतात. कोणाच्या दारी तांब्याभर पाणी मागावे लागत नाही, की कोणाच्या ओसरीवर पथारी टाकावी लागत नाही. ज्यास कोणाचेही उपकार घ्यावयाचे नाहीत अशा मनुष्याकरिताच जणू हे वाहन निर्माण केले आहे.

असे असूनही, ह्या घरांतून हिंडून आलेल्या मंडळीस प्रवासाची हकीकत विचारून पाहावी. डोंगर, दऱ्या आणि सरोवरे ह्यांचे वर्णन ते थोडक्यात आटोपतात, आणि मग अमक्या ठिकाणी चाक फुटले तेव्हा कोणी एक अनोळखी गृहस्थ कसा थांबला, तमक्या गावी एका बाईने आपल्या विहिरीचे पाणी टाकीत कसे भरून दिले, हेच घोळवून घोळवून सांगत बसतात. ह्याचे कारण फार दूर शोधावयास नको. साधी मोटार बंद पडली तर मोटारच बंद पडते. हे वाहन बंद पडले म्हणजे घरच रस्त्यावर येते. त्याचे वजन फार, आणि वर्षातून पुष्कळ महिने ते उभेच असते. त्यामुळे टायर झिजण्याच्या आधी उन्हाने आणि वयाने कुजतात, आणि नेमके भर वेगात फुटतात. रात्री दिवे जळत राहिले तर सकाळी बॅटरी मेलेली असते. पूल ठेंगणा असला तर छपरावरचे यंत्र उपटून जाते. मागे घेताना तर पाठीमागे कोणी उभे राहून हात दाखविल्यावाचून चांगल्या चांगल्या हाकणाऱ्यासही सुधरत नाही. शिवाय हौस अशी की जेथे वस्ती नाही तेथेच जावयाचे! तेव्हा कोणाची गरज नको म्हणून घराबाहेर पडलेला मनुष्य एखाद्या माळावर अशा स्थितीत सापडतो की, समोरून येणाऱ्या पहिल्याच परक्या मनुष्याच्या मर्जीवर त्याचे सर्व काही अवलंबून राहते. ह्या स्थितीत ‘माझा शेजारी कोण?’ हा शास्त्र्याचा प्रश्न कसा बदलून जातो, ते ह्या पाठात पाहावयाचे आहे.

हा प्रवास आजकालचा नव्हे. पहिले महायुद्ध संपल्यावर स्वस्त मोटारी घेऊन लोक तंबू, डबे आणि भांडी गाडीस बांधून दक्षिणेकडे उबेस जाऊ लागले. १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे एका तळावर अशा प्रवाशांनी एक मंडळ स्थापिले आणि त्यास ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ हे नाव घेतले. डबेवाले प्रवासी असे आम्ही त्याचे भाषांतर केले असते, परंतु ते नाव मुंबईत दुसऱ्या एका कष्टाळू मंडळीने आधीच कमावून ठेविले आहे. ह्या लोकांची खूण अशी होती की, मोटारीच्या पुढल्या बाजूस पाण्याच्या टाकीचे जे झाकण असते त्यावर एक रिकामा पत्र्याचा डबा झाळून बसवावयाचा. वाटेत डबा लावलेली गाडी अडलेली दिसली की दुसऱ्या डबेवाल्याने थांबावयाचे, असा त्यांचा रिवाज पडला. ज्या डब्यात काल घेवडा किंवा सूप होते तोच आज बंधुत्वाची निशाणी झाला, ह्यात आम्हांस काही हसण्यासारखे वाटत नाही. गरिबांच्या खुणा बहुतेक अशाच असतात.

पुढे १९६६ साली ह्याच कल्पनेस शास्त्रातले नाव मिळाले. ‘ट्रेल-आर-न्यूज’ नावाच्या एका मासिकास युटा संस्थानातील एका वाचकाने पत्र लिहिले. त्याची सूचना एवढीच होती की, रस्त्यात अडलेल्यास मदत करावयास जे तयार असतील त्यांनी आपल्या गाडीच्या मागे एक चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे अडलेल्यास धीर येईल आणि मदत करणाऱ्यास आपण काय कबूल केले आहे ह्याची आठवण राहील. मासिकाने चिठ्ठ्या छापून वाटल्या आणि त्यातून ‘गुड सॅम क्लब’ उभा राहिला. ‘सॅम’ हे ‘समॅरिटन’ ह्या शब्दाचे लाडके रूप. अर्थात लूकाच्या दहाव्या अध्यायातील आपला शोमरोनी मनुष्यच तो. चिठ्ठीवर एक हसरा चेहरा, आणि त्याच्या डोक्यावर साधुसंतांच्या चित्रांत असते तसे तेजाचे कडे. वाढता वाढता ह्या मंडळाचे दहा लाखांवर सभासद झाले.

ही चिठ्ठी वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याने रात्रीच्या वेळी ओसाड रस्त्यावर मुलाबाळांसह बसून मागून येणाऱ्या दिव्यांकडे पाहिले आहे, त्यास त्या हसऱ्या चेहऱ्याची किंमत विचारावी. परंतु दाखला लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या मनात येथे एक शंका येते. शोमरोन्याच्या जनावरावर कोणती चिठ्ठी होती?

यरुशलेमाहून यरीहोस जाणारी वाट सुमारे सत्तावीस किलोमीटरांची आणि सारखी उताराची आहे. एवढ्या अंतरात ती हजार मीटर खाली जाते. यरुशलेम समुद्राहून उंच, यरीहो समुद्राच्या सपाटीहूनही खाली. मध्ये उघडे डोंगर, घळी, गुहा. ह्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेला तो मनुष्य अर्धमेला पडला होता. त्याच्या अंगावर वस्त्रही नव्हते, तेव्हा तो कोणत्या जातीचा आणि कोणत्या गावचा हे ओळखण्याचेही साधन उरले नव्हते. ओळखीच्या खुणा होत्या त्या वरून येणाऱ्या दोघांच्या अंगी: याजकाच्या आणि लेव्याच्या. त्या पडलेल्या मनुष्यास जर डोळे उघडून पाहता आले असते, तर ‘हे आपले, हे थांबतील’ असे त्याने त्यांच्याविषयीच म्हटले असते. आणि तिसऱ्यास पाहून त्यास धीर येण्याऐवजी धडकीच भरली असती. तिसरा शोमरोनी होता.

ह्यासाठीच नववा अध्याय सोबत वाचावयास आम्ही सांगितले. तेथे काय आहे? येशू आणि त्याचे शिष्य यरुशलेमास चालले असता एका शोमरोनी गावाने त्यांस उतरावयास जागा दिली नाही. प्रवास करून थकलेली मंडळी, आणि गावाने दारे लावून घेतली! शिष्यांपैकी दोघांस इतका राग आला की, आकाशातून अग्नी पडून ह्या गावाची राख व्हावी असे त्यांस वाटले. ही गोष्ट ज्यांच्या मनात ताजी होती त्यांच्या कानांवर पुढच्याच अध्यायात हा दाखला पडतो. ज्या लोकांनी वाटसरूंस पाणीसुद्धा विचारले नाही त्यांच्यातलाच एक मनुष्य उतारशाळेचे पैसे भरताना दाखविला आहे. आमच्या उपदेशांत हे दोन अध्याय सहसा एकत्र येत नाहीत. ते यावेत असे आम्हांस वाटते. शोमरोनी हा जात्याच भला असा काही प्रकार नव्हता. एका गावाने दार लावले आणि एका मनुष्याने जखमा बांधल्या, दोन्ही शोमरोनीच.

आणखी एक गोष्ट. शास्त्र्याने विचारले होते की, माझा शेजारी कोण? म्हणजे मी कोणास मदत करण्यास बांधलेला आहे आणि कोणास नाही, ह्याची हद्द आखून मागितली होती. येशूने हद्द आखून न देता शास्त्र्यास उचलून खड्ड्यात निजविले आणि तेथून वर पाहावयास लाविले. त्या तिघांपैकी शेजारी कोण झाला? शेजारधर्माविषयी घरात बसून विचार करणे निराळे, आणि रस्त्याच्या कडेस निरुपाय होऊन बसलेले असता करणे निराळे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीच्या निमंत्रणावरून आम्ही त्या देशी गेलो असता एका मराठी कुटुंबाने आपल्या सुट्टीत आम्हांसही बरोबर घेतले. त्यांनी असे एक चाकांवरचे घर भाड्याने आणले होते. नवरा-बायको, दोन मुले आणि साताऱ्याकडून आलेली मुलांची आजी, अशी मंडळी. नेवाडा संस्थानातून पन्नास क्रमांकाचा जो हमरस्ता जातो, त्यास १९८६ साली ‘लाइफ’ नावाच्या मासिकाने अमेरिकेतील सर्वांत एकाकी रस्ता म्हटले होते. एली हे गाव सोडले की युरेका येईपर्यंत सव्वाशे किलोमीटर वस्ती नाही. ह्या टापूत भर दुपारी मागले आतले चाक फुटले. रबराच्या चिंधड्यांनी खालचा पत्रा फाडला आणि पाण्याची नळीही तोडली. टाकीतले पाणी आमच्या देखत डांबरावर वाहून गेले. गाडीत जादा चाक दिलेले नव्हते. फोनला तेथे आवाज नव्हता.

पाऊण तासाने एक मालवाहू गाडी आम्हांस ओलांडून पुढे गेली, थांबली, आणि हळूहळू मागे आली. आतून एक धिप्पाड म्हातारा उतरला. दाढी छातीपर्यंत, दोन्ही दंड गोंदलेले, आणि गाडीच्या मागल्या काचेवर बंदुकीचे चित्र. सूनबाईंनी मुलांस आत ओढून दाराची कडी लावली. त्यात त्यांची काय चूक? परमुलूख, वर्तमानपत्रांत रोज वाचलेल्या गोष्टी, आणि पदरात मुले. त्या मनुष्यासही ते समजले असावे. तो तीस पावलांवरच उभा राहिला, दोन्ही हात दिसतील असे धरले आणि तेथूनच ओरडून दोनच गोष्टी विचारल्या: कोणास लागले आहे काय? पिण्यास पाणी आहे काय? मग आपल्या गाडीतून पाण्याचे मोठे भांडे काढून रस्त्यावर ठेवले आणि पुन्हा मागे सरला. आम्ही ते घेतल्यावर गाडीमालकांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून मागितला आणि, आल्या वाटेने परत गेला. फोनला आवाज मिळण्याकरिता त्यास किती दूर जावे लागले असेल, त्याचा हिशोब वाचकांनी करावा. दीड तासाने तो परतला; निरोप पोहोचला, कारागीर तीन तासांत येईल, एवढे सांगावयास. येताना मुलांकरिता बर्फाची पिशवी घेऊन आला. मग आमच्या गाडीच्या मागे त्याने आपली गाडी उभी केली, लाल दिवे लुकलुकते ठेविले आणि कारागीर येईतो तेथेच बसून राहिला.

घरधन्यांनी शंभर डॉलर पुढे केले. त्याने मान हलविली. तेव्हा आजी उठल्या. सकाळची थालीपिठे होती, ती त्यांनी कागदावर घालून, वर लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवून त्यास नेऊन दिली. पहिल्या घासास त्यास ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, आणि त्याने खुणेने आणखी एक मागितले. मुले आता त्याच्या गाडीच्या पायरीवर बसून बर्फ चोखीत होती.

रात्री युरेकास तळावर पोहोचल्यावर आजी आम्हांस म्हणाल्या, “पाळकसाहेब, एक विचारू? हा माणूस आपल्या गावाकडे असा उन्हातान्हाचा येऊन उभा राहिला असता, तर मी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं असतं का हो?” आम्ही काही उत्तर देण्याच्या आधीच त्या म्हणाल्या, “आधी नाव विचारलं असतं. मग आडनाव.”

आजींचा हा प्रश्न त्या देशासही लागू आहे. जॉन स्टाइनबेक नावाचा प्रसिद्ध ग्रंथकार १९६० साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मालगाडीवर बांधलेले असेच एक घर आणि चार्ली नावाचा कुत्रा घेऊन देशभर हिंडला. त्या प्रवासाचे त्याचे ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक १९६२ साली निघाले. नोबेल पारितोषिकही त्यास त्याच वर्षी मिळाले. पुस्तकातील पुष्कळ प्रसंग लेखकाने रचलेले असावेत असे पुढे शोध करणाऱ्यांनी दाखविले आहे, तेव्हा ते रोजनिशी म्हणून वाचू नये. त्यात ऑरेगनमधली एक हकीकत आहे. रविवारी, भर पावसात, टायर फुटतो. आणि ज्याचे तोंड पाहून भय वाटावे असा पेट्रोल विकणारा एक मनुष्य ठिकठिकाणी फोन करून, खटपट करून, हव्या त्या मापाचे टायर मिळवून देतो. परंतु त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे दुसरे एक दृश्य येते, आणि ते रचलेले नव्हे. ते सर्व जगाने पाहिले. १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्स शहरी रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळी मुलगी, गोऱ्या मुलांच्या शाळेत सरकारी शिपायांच्या पहाऱ्यात जात असे, आणि रस्त्याच्या कडेस गोऱ्या बायका जमून तिला रोज शिव्या घालीत असत. ह्या बायका घरी दुष्टच होत्या असे समजण्यास आधार नाही. वाटेत त्यांच्यासारख्याच कोणा बाईची गाडी अडली असती तर त्यांनी गरम कॉफी नेऊन दिली असती, असे आम्हांस वाटते.

ज्या वर्षांत डबेवाले प्रवासी एकमेकांस हात देत होते त्याच वर्षांत त्या देशातील काळ्या प्रवाशांस निराळे पुस्तक जवळ बाळगावे लागे. न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे राहणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हे टपाल वाटण्याचे काम करीत. त्यांनी १९३६ साली एक लहानशी मार्गदर्शिका छापली. ‘ग्रीन बुक’ म्हणून ती पुढे प्रसिद्ध झाली. काळ्या मनुष्यास कोठे उतरावयास मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे पेट्रोल मिळेल, ह्याची गावोगावची यादी तीत असे. पुष्कळ गावी एकही खाणावळ त्यांस घेत नसे, तेथे कोणी विधवा बाई किंवा एखादे कुटुंब आपल्या घरातली खोली देई, आणि त्यांचे पत्ते यादीत छापलेले असत. अनेक गावे अशी होती की सूर्य मावळल्यावर काळ्या मनुष्याने तेथे दिसू नये. म्हणून ही मंडळी जेवण, अंथरूण, पेट्रोलचा डबा, एवढेच नव्हे तर शौचाकरिता बालदीसुद्धा मोटारीत घालून निघत. वाचकहो, हेही चाकांवरचे घरच नव्हे काय? एकाने ते हौसेने केले, दुसऱ्यास करणे भाग पडले. अशा यादीची गरज न राहण्याचा दिवस येईल, अशी आशा ग्रीन ह्यांनी पुस्तकातच छापली होती. ते १९६० साली वारले. हॉटेलांची दारे सर्वांस उघडणारा कायदा १९६४ साली झाला. आणि पुस्तकाची शेवटची आवृत्ती १९६६–६७ ची. मागे सांगितलेली शोमरोन्याची चिठ्ठी निघाली तीही १९६६ सालीच.

आमच्या मुलखातल्या वाचकांस येथे एका बैलगाडीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या आत्मकथनात ती सांगितली आहे. १९०१ च्या सुमारास, नऊ-दहा वर्षांचे असता, ते आपले भाऊ आणि भाचा ह्यांच्याबरोबर वडिलांस भेटावयास निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीवान मिळेना. शेवटी एक कबूल झाला, तो ह्या अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी आणि आपण बाजूने पायी चालू. रात्री जकातनाक्याशी मुक्काम पडला. टोपलीत भरपूर खाणे होते, परंतु पाणी कोणी दिले नाही, आणि म्हणून मुले उपाशी निजली. अन्नाने भरलेली गाडी आणि तीत तहानलेली मुले! आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे त्या गाडीतल्या मुलांचेच सोयरे होते, आणि काहींचे स्टेशनमास्तराचेही असतील.

म्हणून खुणेविषयी आमचे मत आम्ही सांगून टाकतो. डबा काय, चिठ्ठी काय, आडनाव काय, आणि मंडळीच्या पुस्तकातले नाव तरी काय, ज्या खुणेने आपला मनुष्य ओळखू येतो त्याच खुणेने परका मनुष्यही ओळखू येतो. दाखल्यात खूण ओळखून कोणीच थांबलेला नाही.

आता दुसऱ्या बाजूसही थोडा न्याय केला पाहिजे. गुड सॅमचे पुढे मोठ्या व्यापारात रूपांतर झाले. वर्गणी भरली की अडलेल्या ठिकाणी गाडी ओढून नेणारा येतो. विमा मिळतो, तळावरच्या भाड्यात सूट मिळते. हे पाहून काही उपदेशक हळहळतात की, शोमरोन्याचे दुकान झाले. आम्हांस इतकी हळहळ वाटत नाही. नेवाडातील त्या म्हाताऱ्याने आम्हांस सावली दिली, धीर दिला; परंतु चाक बसविले ते पैसे घेणाऱ्या कारागिरानेच, आणि उत्तम बसविले. दाखल्यातही उतारशाळेचा रखवालदार आहेच. शोमरोन्याने त्याच्या हातावर दोन दीनार ठेविले, म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि तो आपल्या कामास निघून गेला. तो आठ दिवस उशाशी बसून राहिला असे लूक म्हणत नाही. त्याची दया मोठी होती, परंतु तीस शेवट होता आणि तीत हिशोबही होता. जी मंडळी ‘आपल्याच्याने सर्व काही होणार नाही’ म्हणून काहीच करीत नाहीत, त्यांनी ह्या दोन दीनारांचा विचार करावा.

ज्यांच्या हाती दोन दीनारही नाहीत तेही ह्या रस्त्यावर आहेत. २००८ साली त्या देशात घरांच्या कर्जांचा डोलारा कोसळला आणि अनेक वयस्क मनुष्यांची घरे व पुंजी गेली. कित्येकांनी जुन्या गाडीतच बिछाना घालून तेच घर केले आणि हंगामी मजुरी करीत गावोगाव फिरू लागले. जेसिका ब्रुडर ह्या लेखिकेचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक त्यांच्याविषयीच आहे. ते २०१७ साली निघाले, आणि त्यावरील चित्रपटास २०२१ साली ऑस्कर मिळाले. ह्या लोकांकरिता बॉब वेल्स नावाच्या गृहस्थांनी २०१० पासून ॲरिझोनातील क्वार्टझाइट गावाजवळच्या वाळवंटात हिवाळी मेळावा भरविण्यास आरंभ केला. तेथे ज्यास जे येते ते तो दुसऱ्यास शिकवी: उन्हावर वीज कशी करावी, थोड्या पाण्यात कसे भागवावे, एकटीने राहणाऱ्या बाईने गाडी कोठे उभी करावी. नको असलेल्या वस्तू एका ठिकाणी ठेवाव्या आणि ज्यास हवी त्याने न विचारता न्यावी, अशीही तेथे सोय असे.

आणि काही घरवाले असे आहेत की आपल्या अंगणातील मोकळी जागा अनोळखी गाडीवाल्यांस एक-दोन रात्रींकरिता फुकट देतात. अशा यजमानांची आणि पाहुण्यांची गाठ घालून देणारी ‘बूनडॉकर्स वेलकम’ ही संस्था एका आईने आणि लेकीने २०१२ साली चालू केली. २०२१ साली ती तशाच दुसऱ्या एका मोठ्या संस्थेने विकत घेतली. आधी पाहुण्याने विचारावयाचे, यजमानाने हो किंवा नाही म्हणावयाचे, आणि दोघांनीही मागाहून एकमेकांविषयी दोन शब्द लिहावयाचे, असा तेथला नियम. ही सावधगिरी आम्हांस योग्यच वाटते. दया करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावे असे कोठे लिहिलेले नाही. नेवाडातला तो मनुष्य तीस पावलांवर उभा राहिला, ह्यात त्याची अर्धी दया होती. भ्यालेल्यास आणखी भिववू नये हे त्यास कळत होते. मदत करावयास धावणाऱ्या आमच्या तरुण संघांनी हे अंतर शिकून घ्यावे.

दाखल्यातील उतारशाळेच्या रखवालदाराकडे पुन्हा वळून हा पाठ आम्ही पुरा करतो, कारण त्याच्याविषयी आमच्या मंडळ्यांत कोणी उपदेश केल्याचे ऐकण्यात नाही. एका परक्याने एक जखमी परका त्याच्या दारी आणून टाकला. जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असे तोंडी सांगितले. आणि तो निघून गेला. रखवालदाराने जखमी मनुष्यास ठेवून घेतले, असेच आपण सर्व धरून चालतो, कारण त्याने नाही म्हटल्याचे लूक लिहीत नाही. शोमरोनी परत आला की नाही, हिशोब किती झाला, आणि तो चुकता झाला की नाही, हेही लिहिलेले नाही. येत्या रविवारच्या वर्गात कोणी हा भाग रखवालदाराच्या बाजूने वाचून त्यावर चर्चा चालविली, आणि तीत काय निघाले ते आम्हांस लिहून कळविले, तर आम्ही ते आनंदाने छापू. पत्र पोस्टकार्डावर चालेल.